चिऱ्याचं घर वरून पडतं

मालवण तालुक्यात मसुरे, आचरा, चौके अशा कुठल्याही गावात वाडीतून चालत गेलं, की एखादं तरी पडकं घर लागतं. छप्पर माजघरात बसलेलं, खळ्यात रान, आणि भिंती मात्र पुरुषभर उंच, ओळंब्यात उभ्या. एवढं भक्कम घर पडलं कसं, असं पाहणाऱ्याला वाटतं. दोष चिऱ्याचा नसतो.

चिरा ज्याचा काढतात तो जांभा दगड खाणीत असतो तोवर मऊ असतो, लोखंडी हत्याराने तासता येतो. वारा लागला की त्यातली लोहद्रव्यं घट्ट होतात आणि चिरा कडक बनतो. दक्षिणेच्या प्रवासात पाहिलेला हा गुण फ्रान्सिस बुकॅननने १८०७ च्या ग्रंथात नोंदवला आहे. आता चिरे यंत्राने कापतात. जुन्या घरांचे हाताने ताशीव, त्यांवर हत्याराचे तिरपे वण अजून दिसतात.

कच्चा असतो तो सांधा. ऐपत असलेल्याने चुना वापरला, बाकीच्यांनी माती. मातीतली भिंत वरून झाकलेली असेल तर पिढ्यान् पिढ्या टिकते. पाणी माथ्यावरून आत शिरलं की माती वाहून जाते, चिरे सुटे होतात आणि फटीत पिंपळ रुजतो.

म्हणजे घराचा जीव छपरात. पूर्वी ते गवताचं किंवा नळ्यांचं असे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यावर चपटी मंगलोरी कौलं किनाऱ्याने वर सरकली. पण कौलारू छप्पर दरवर्षी माणूस मागतं. मृगाआधी शाकारणी करायची, फुटकं कौल बदलायचं, वाळवी लागलेली रीप काढायची, पावसाच्या बाजूला झापांची झडी बांधायची. माकडाने सरकवलेलं एक कौल दोन-तीन पावसाळे तसंच राहिलं, की वासा कुजतो.

ही माणसंच मुंबईला गेली. गिरणगाव भरला तो मोठ्या प्रमाणावर तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांनी; सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला. मनीऑर्डरीवर घरं काही काळ उभी राहिली. म्हातारी माणसं गेल्यावर चुलीचा धूरही थांबला. त्या धुराने लाकूड कोरडं राही, कीड दूर राही.

मग हिस्से. घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने, वारस मुंबईपासून बडोद्यापर्यंत विखुरलेले. दुरुस्तीचा खर्च एकाने करावा आणि हक्क सगळ्यांचा, म्हणून कोणीच हात लावत नाही. चतुर्थीला सगळे येतात, गणपतीची भिंत रंगवतात, माटी बांधतात, आणि वाटपाचा विषय विसर्जनानंतर बोलू म्हणून गाडी पकडतात. भिंतच उरली नाही, तर गणपती शेजारच्या चुलत्याकडे जातो. मागे राहिलेले चिरे कोणाच्या तरी नव्या गडग्याला लागतात.

घर वाचवायचं असेल, तर वाटणीचा निकाल लागेपर्यंत थांबून चालत नाही. आधी छपरावर पत्रे घालायचे, भिंतीचा माथा झाकायचा आणि पिंपळ रोपटं असतानाच मुळासकट काढायचा. हिस्सेदारांनी एवढ्यापुरता खर्च वाटून घेतला, तरी भांडायला घर शिल्लक राहतं.