दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत

ज्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि ज्याच्या माथ्यावरील बालाघाटाच्या पठारास मात्र वर्षानुवर्षे पावसाकडे डोळे लावून बसावे लागते, त्या बीड जिल्ह्यात पाळक म्हणून सेवा करण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. आता त्या काळाचा मागोवा घेऊ जाता असे दिसते की, प्रवास, खेळ, श्रद्धा आणि राजकारण हे जे विषय माझ्या नित्याच्या चिंतनात पुनःपुन्हा येत राहिले, ते वरवर पाहता परस्परांपासून कितीही दूरचे असले तरी त्या साऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. ती ही की, येथल्या माणसाला पोटासाठी गाव सोडावे लागते.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पूर्वेतिहासातही वाटेचे आणि हद्दीचे प्रकरण आहेच. नगर हे मराठी ख्रिस्ती जीवनाचे जुने ठाणे. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य तेथे 1831 साली सुरू झाले, ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये तेथूनच निघाला, आणि कवी नारायण वामन टिळकांनी आपल्या अखेरच्या वर्षांत त्याच पत्राचे मराठी स्तंभ सांभाळले. नगरहून आष्टी काही फार दूर नाही. परंतु 1948 च्या सप्टेंबरापर्यंत ते अंतर तोडणे म्हणजे इंग्रजांचा मुलूख सोडून निजामाच्या अमलात शिरणे होते. शिक्का हाली, दफ्तर उर्दू, महसुलाची रीत निराळी; मात्र शेतकऱ्याची भाषा, त्याचे देव आणि त्याचे दारिद्र्य ही हद्दीच्या दोन्ही अंगांस सारखीच.

प्रवास म्हटला की लेखक मंडळींना तीर्थे आणि पर्वत आठवतात. मला आठवतात दसरा उलटल्यावर रस्त्याने निघालेले मालमोटारींचे आणि ट्रॅक्टरांचे तांडे, ज्यांत भांडीकुंडी, बाजले, शेळ्या, कोंबड्यांचे खुराडे आणि या सर्वांच्या वर पोरेबाळे अशी गृहस्थीच्या गृहस्थी लादलेली असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ही माणसे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या पट्ट्यांत ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ असा हिशेब धरला जातो, आणि तो कोयता वर्षाचा अर्धा काळ गावाबाहेर राहतो. माझ्या मंडळीतील कित्येक घरे या हिशेबात असल्यामुळे नाताळच्या उपासनेला देवळात म्हातारीकोतारी आणि त्यांच्या हवाली ठेवलेली शाळकरी मुले एवढीच उरत. पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परतत, तेव्हा पुनरुत्थानाच्या सणाला मात्र बसायला जागा पुरत नसे. आमच्या दफ्तरातील बाप्तिस्म्यांच्या आणि विवाहांच्या नोंदी पाहिल्या, तर त्या बहुतेक चैत्र-वैशाखातल्या आढळतील.

म्हणून पुढेपुढे डिसेंबरात मीच टोळ्यांच्या मागावर जाऊ लागलो. सांगलीकडील एका कारखान्याच्या हद्दीतील ती संध्याकाळ मला अजून स्पष्ट दिसते. उसाच्या मोकळ्या झालेल्या थळाच्या कडेला चटया आणि प्लॅस्टिकचा कागद यांच्या कोप्या ओळीने उभ्या होत्या. चुलीपुढे बसलेली एक भगिनी कोयत्याने कापलेल्या बोटावर हळद दाबून दुसऱ्या हाताने भाकर उलटीत होती. जनावरांपुढे वाढ्याच्या पेंढ्या पडल्या होत्या. कोपीसमोर पाचट पसरून आम्ही उपासनेला बसलो आणि टिळकांचे एक भजन अर्ध्यावर आले, तोच बांधावरून मालमोटारीचा भोंगा वाजला. पुरुष उठले, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढू लागले, आणि उरलेले भजन बायकांनी, मुले मांडीवर घेऊन, शेवटपर्यंत म्हटले. मी अनेक भव्य मंदिरांतील उपासनांना उपस्थित राहिलो आहे. तथापि ईश्वराचे सान्निध्य म्हणजे काय याचा विचार करताना माझे मन त्या पाचटावर जाऊन बसते.

याच बायकांच्या देहावर या प्रवासाचा सर्वांत क्रूर कर बसलेला आहे. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर 2019 साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, फडावर ना आडोसा ना पाणी, आणि दुखणे अंगावर काढून काढून शेवटी ‘पिशवी’ काढून मोकळे व्हावे असा सल्ला मिळतो, अशा स्थितीत तीस-बत्तीस वर्षांच्या स्त्रीने माझ्यासमोर प्रार्थनेसाठी मस्तक लववावे, तेव्हा केवळ प्रार्थना करून उठणे हे मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे.

श्रद्धेच्या बाबतीत या भूमीने मला फार उदारपणे वागवले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईचा, वैजनाथाच्या परळीचा, शहेनशाहवलीच्या दर्ग्याचा हा जिल्हा. टिळकांनी ख्रिस्ताचे गुणगान अभंगात केले आणि 1917 साली, बाप्तिस्मा घेतलेला व न घेतलेला असा भेद न मानणारा ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचा संकल्प केला, तो त्यांच्या निधनाने दोनच वर्षांत खुंटला. परंतु त्याचे मर्म मला येथल्या भजनी मंडळींत आढळले. आमच्या सणाला गावातला वारकरी पखवाज घेऊन येतो आणि त्याच्या सप्ताहाच्या पंगतीत मी बसतो, यात दोघांनाही कसली अडचण वाटत नाही.

खेळाविषयी मी तरुण मंडळींशी आवडीने बोलतो, आणि अलीकडे त्या बोलण्याचा विषय बहुधा अविनाश साबळे हाच असतो. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा शाळेसाठी रोज सहा किलोमीटरांची वाट तुडवीत असे. पुढे तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि सैन्यातच त्याच्या धावण्याला दिशा लाभली. तीन हजार मीटरांची स्टीपलचेस ही शर्यत मोठी निर्दय; अठ्ठावीस अडथळे ओलांडावयाचे आणि सात वेळा पाण्यावरून उडी घ्यावयाची. 2022 च्या ऑगस्टात बर्मिंगहॅम येथे त्याने ती 8 मिनिटे 11.20 सेकंदांत पुरी केली आणि सुवर्णपदक सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने हुकले; पण राष्ट्रकुल स्पर्धांत 1994 नंतर केनियाबाहेरच्या धावपटूला या शर्यतीत पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्णपदक आले, 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी आली. पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याच्या संयमाचा दृष्टांत दिला आहे. त्यावर प्रवचन करताना मला आता ग्रीसला जावे लागत नाही. आमच्या मुलांना चालणे आणि धावणे हे गरजेने शिकवलेलेच असते. त्यांतील एकाला वेळेवर बूट, आहार आणि शिक्षक मिळाला की काय घडू शकते, हे मांडव्याने दाखवले, आणि उरलेल्यांना ते का मिळू नये हा प्रश्न मी दर रविवारी विचारतो.

राजकारणात पाळकाने पक्ष घेऊ नये, हा दंडक मी पाळला. पण राजकारणाकडे पाठ फिरवली नाही. या जिल्ह्याने 1967 साली क्रांतिसिंह नाना पाटलांसारख्या परजिल्ह्यातील कम्युनिस्ट पुढाऱ्यास लोकसभेत पाठवले, 1977 साली गंगाधरअप्पा बुरांडे यांना निवडले. मजुराचा प्रश्न म्हणून मत देण्याची ही परंपरा होती. ती क्षीण होऊन आडनावांची गणिते प्रबळ झाली, याचे मला तीव्र दुःख आहे. 2023 च्या ऑक्टोबरात आरक्षणाच्या आंदोलनात बीड-माजलगावात घरे पेटली. 2024 च्या लोकसभा निवडणुकीचा येथला निकाल 6,553 मतांच्या अंतराने लागला आणि त्यानंतर कोणाच्या दुकानातून जिन्नस घ्यावा, यातही जात आली. त्याच वर्षी 9 डिसेंबरला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अमानुष हत्या झाली. त्या नाताळला देवळात दिवे लावताना हात जड झाले होते. पुढे 2025 मध्ये जिल्हा पोलिसांच्या नामफलकांवरून आडनावे काढण्यात आली आणि नुसती नावे राहिली. हे पाऊल लहान असले तरी मला ते फार मोलाचे वाटते. निवडणूक हंगामात आली, तर मतदार आणण्यासाठी फडापर्यंत गाड्या जातात. बाळंतवेणा लागलेल्या बाईसाठी तशी गाडी जाईल, त्या दिवशी आमचे राजकारण पुन्हा मजुराचे झाले असे मी समजेन.

17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नगर-बीड-परळी या 261 किलोमीटरांच्या मार्गावर बीडपर्यंतची गाडी सुरू झाली. 1995 च्या सुमारास मंजूर झालेल्या त्या लोहमार्गाची वाट पाहतच कित्येक वृद्ध निवर्तले. नगरच्या इस्पितळापर्यंत आजाऱ्याला नेणे त्यामुळे सोपे होईल, आणि तेवढ्यासाठीही मी देवाचे आभार मानतो. परंतु त्याच दसऱ्यानंतर टोळ्या पूर्ववत मालमोटारींनीच निघाल्या. कारण रूळ फडापर्यंत जात नाहीत. मंडळीच्या पंचांनी आता असे ठरवले आहे की, मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची व अभ्यासाची सोय देवळाच्या ओसरीवर करावी, आणि टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाकडून, ते कोणत्या कारखान्यावर व कोणत्या मुकादमाकडे जाणार, याचा पत्ता लिहून घ्यावा. त्या वहीची पाने मी आखून ठेवली आहेत.