अंगणातला नाताळ : चांदणी, गोठा आणि २३० व्होल्ट

डिसेंबर म्हणजे आपल्याकडे सबमिशन, ओरल्स आणि परीक्षा. घरी जायला मिळत नाही, त्यामुळे पंचवीस तारखेला निम्मं हॉस्टेल हॉस्टेलवरच असतं. मग कोणीतरी म्हणतं, "चला, लॉनवर काहीतरी करू या!" वर्गणी निघते, दोघंजण बाजारात जाऊन माळांचा ढीग घेऊन येतात, एक्स्टेन्शन बोर्ड खिडकीतून खाली सोडला जातो आणि संध्याकाळपर्यंत बाग उजळते. दिसतं सुंदर, यात वादच नाही. पण ही सजावट नीट, स्वस्तात आणि मुख्य म्हणजे कुणाला शॉक न बसता कशी करायची, हे कोणी सांगत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे दर डिसेंबरला सिस्टर आमच्याकडून गोठा आणि चांदण्या करून घ्यायच्या. आता इलेक्ट्रिकलला आहे. म्हटलं, दोन्हीकडचं ज्ञान एकत्र करून एक लेख होऊन जाऊ दे!

झाड आलं कुठून, गोठा आला कुठून?

विजेच्या दिव्यांनी सजवलेलं पहिलं ख्रिसमस ट्री १८८२ सालचं. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरात लाल, पांढरे आणि निळे असे ८० छोटे दिवे झाडावर लावले. त्याआधी लोक झाडावर चक्क मेणबत्त्या लावायचे! मोठं सार्वजनिक झाड म्हणून गाजलं ते १९२३ चं. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांनी व्हाइट हाऊसजवळच्या मैदानातल्या झाडावरचे सुमारे २५०० दिवे बटण दाबून लावले.

गोठा मात्र विजेपेक्षा कितीतरी जुना. इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी गव्हाण, गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. तिथून ही प्रथा जगभर पसरली. आपल्या वसईत, मुंबईतल्या जुन्या गावठाणांत आणि गोव्यात झाडापेक्षा गोठा आणि चांदणी यांनाच जास्त मान. 'नाताळ' हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला. वसईच्या गावांत आणि गोव्यात गोठा अंगणात, रस्त्यावरून दिसेल असा करतात. येणाऱ्याजाणाऱ्याने थांबावं, बघावं, हाच त्यामागचा हेतू. म्हणजे बाहेरची सजावट ही आपल्याकडे नवी फॅशन नाही बरं का!

चांदणी : दहा कामट्या आणि थोडी भूमिती

बाजारातली प्लॅस्टिकची चांदणी विकत घेण्यापेक्षा हाताने करा. दिवाळीचा आकाशकंदील ज्याने केलाय त्याला ही सहज जमेल. साहित्य : सारख्या लांबीच्या दहा बांबूच्या कामट्या, पाच छोट्या काड्या, दोरा आणि पतंगाचा कागद.

पाच कामट्यांची एक सपाट चांदणी बांधायची. प्रत्येक कामटी दुसऱ्या दोन कामट्यांना छेदते. हा छेद नेमका कुठे येतो? दोन्ही टोकांपासून लांबीच्या ०.३८२ पट अंतरावर. म्हणजे कामटी ६० सेंटीमीटरची असेल तर दोन्ही टोकांपासून २३-२३ सेंटीमीटरवर पेन्सिलीने खूण करा, मध्ये १४ सेंटीमीटर उरतील. खुणेवर खूण ठेवून बांधलं की चांदणी वाकडी होणं शक्यच नाही. (हो, तेच ते गोल्डन रेशो! एम-वनला न भेटलेलं इथे भेटतं.) अशा दोन चांदण्या करून एकमेकींवर ठेवा आणि पाचही टोकं जोडीजोडीने बांधा. मग आतल्या पाच छेदांवर दोन्ही चांदण्यांच्या मध्ये १२-१२ सेंटीमीटरच्या काड्या उभ्या बसवा. मधला भाग फुगतो आणि चांदणीला पोट येतं. वर कागद चिकटवा, एक बाजू दिव्यासाठी उघडी ठेवा.

ज्यांना आव्हान हवंय त्यांच्यासाठी जर्मनीची मोरावियन चांदणी आहे. १८३० च्या दशकात नीस्की गावच्या शाळेत भूमितीचा धडा म्हणून ती मुलांकडून करून घेतली गेली. १८ चौरस आणि ८ त्रिकोण अशी एकूण २६ पृष्ठं असलेल्या घनाकृतीच्या प्रत्येक पृष्ठावर एकेक सुळका बसवायचा, फक्त एक चौरस टांगण्यासाठी आणि दिव्यासाठी मोकळा सोडायचा. म्हणजे २५ टोकं झाली. ड्रॉइंगच्या सरांना दाखवा, खूश होतील.

चांदणीत दिवा एलईडीचाच, तीन ते पाच वॅटचा पुरे. जुना ४० वॅटचा बल्ब आत ठेवला तर त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि कागद आधी तपकिरी होतो, मग काय होतं ते सांगायला नको.

गोठा : बर्फ कशाला हवा?

गोठ्यावर कापसाचा बर्फ पसरायची आपल्याकडे फार हौस. पण बेथलेहेम हे काही स्वित्झर्लंडमध्ये नाही! मध्यपूर्वेतल्या डोंगरावरचं ते गाव, तिथे बर्फ क्वचितच पडतो. शिवाय कापूस भुरकन पेटतो. आणि थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. त्यापेक्षा आपल्याकडचीच युक्ती वापरा : नाचणी. गोव्यात आणि आपल्या किनारपट्टीवर गोठ्यासमोरची हिरवळ नाचणी किंवा गहू पेरून उगवतात. नाचणी रात्रभर भिजवायची, उथळ ट्रेमध्ये दोन बोटं माती घेऊन दाट पेरायची, वर अगदी पातळ माती भुरभुरायची आणि रोज हाताने पाणी शिंपडायचं. १३-१४ डिसेंबरला पेरलं तर चोवीस तारखेपर्यंत बोटाएवढी पोपटी हिरवळ तयार होते. मेसमधल्या मावशींकडे मूठभर नाचणी मागा, नाही म्हणणार नाहीत.

डोंगरासाठी जाड खाकी कागद चुरगळून किंवा गोणपाट मातीच्या पातळ राड्यात बुडवून काठ्यांवर टाका, वाळला की खडकासारखा कडक होतो. छपराला पेंढा. पेंढ्याजवळ तापणारा दिवा, हॅलोजन किंवा मेणबत्ती अजिबात नको. एक गोष्ट लक्षात ठेवा : बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत, तोपर्यंत गव्हाण रिकामी असते. हॉस्टेलमधल्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना विचारून, त्यांच्याच हातून ती ठेवली तर उत्तम. शेवटी हा त्यांचा सण आहे, नुसतं फोटोचं बॅकग्राउंड नाही.

झाडांनाही जीव असतो

आपल्या कॅम्पसवर ज्याला सगळे 'ख्रिसमस ट्री' म्हणतात ते अराउकारिया. ते युरोपातलं नाही, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक आणि न्यू कॅलेडोनिया बेटांवरचं आहे. त्यातल्या न्यू कॅलेडोनियाच्या जातीची गंमत म्हणजे ती झाडं जगात जिथे लावली तिथे विषुववृत्ताच्या दिशेला कललेली आढळतात. २०१७ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या झाडाचा शेंडा एकदा मोडला की त्याचा देखणा आकार बिघडतो. म्हणून जड चांदणी शेंड्याला बांधू नका, शेजारी बांबू रोवून त्याला टांगा.

खिळे कुठल्याही झाडाला ठोकू नका. सालीच्या लगेच खाली झाडाचं अन्न वाहून नेणारा थर असतो, खिळ्याने तो फाटतो आणि जखमेतून बुरशी आत शिरते. तार करकचून बांधून तशीच विसरली तर झाड वाढताना तीच तार त्याचा गळा आवळते. सुतळी किंवा जुन्या ओढणीच्या पट्ट्या सैल बांधा आणि जानेवारीत सोडा.

कुंडीतला लाल पॉइन्सेटियाही मजेशीर आहे. मूळ मेक्सिकोचा. लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच! ती लाल व्हायला झाडाला काही आठवडे रोज बारा-चौदा तास सलग अंधार लागतो. ज्या कुंडीवर रात्रभर ट्यूबलाइट पडते ती हिरवीच राहते. तेव्हा ऑक्टोबरपासून कुंड्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, लाल झाल्यावर पुढे आणा.

आता मुद्द्याचं : २३० व्होल्ट

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त माळांत ट्रान्सफॉर्मर नसतो. दिवे सिरीजमध्ये जोडून माळ थेट मेन्सवर चालते. एका दिव्यावर जेमतेम तीन किंवा सहा व्होल्ट पडतात, म्हणून आपल्याला वाटतं माळ निरुपद्रवी आहे. पण एक दिवा उडाला, सर्किट तुटलं, करंट शून्य झाला, तरी फेजपासून त्या तुटलेल्या जागेपर्यंतची सगळी तार २३० व्होल्टवरच असते. विझलेली माळ म्हणजे मेलेली माळ नव्हे! तेव्हा दुरुस्ती करायची ती प्लग काढूनच. नुसता बोर्डावरचा किंवा माळेवरचा स्विच बंद करून नाही.

दुसरी आवडती युक्ती म्हणजे उडालेले दिवे कापून तारा जोडत जाणं. ४० दिव्यांच्या माळेत प्रत्येकावर ५.७५ व्होल्ट येतात. दहा काढले की उरलेल्या तीसांवर ७.६७. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट (तापलेल्या फिलामेंटचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी). उरलेले दिवे जास्त तापतात आणि भराभर उडतात. शिवाय प्रत्येक जोड ही एक उघडी तार.

कोणी म्हणेल, "एमसीबी आहे की!" हिशोब करू. ओल्या हाताचा, ओल्या पायांचा माणूस सुमारे १००० ओहम धरला तर २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. हा करंट हृदय बंद पाडायला पुरेसा आहे. पण ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण ती ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी आहे, माणसासाठी नाही. माणसासाठी असते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ती सतत तोलते, फरक पडला की सेकंदाच्या छोट्याशा भागात ट्रिप होते. बागेची लाइन आरसीसीबीमागूनच घ्या, आणि माळा लावण्याआधी तिचं टेस्ट बटण दाबून ती खरंच पडते का ते बघा.

डिसेंबरात पाऊस नसतो, पण दव असतं. आणि हे कोण अनुभवतं? दिवे आपण लावतो, रात्री बारापर्यंत फोटो काढतो आणि नऊला उठतो. पहाटे सहाला पाण्याचा पाइप घेऊन अनवाणी लॉनवर येतात ते माळीकाका. आपली चिकटपट्टी सुटलेली असली तर ती सापडते त्यांना! माझ्या मते या सगळ्या लेखातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल.

म्हणून काही नियम. शक्य तिथे १२ किंवा २४ व्होल्टच्या ॲडॅप्टरवाल्या माळा घ्या आणि ॲडॅप्टर इमारतीच्या आतच ठेवा, मग बागेत मेन्स जातच नाही. बाहेरच्या वस्तूवर आयपी क्रमांक बघा : दुसरा आकडा पाण्याचा, ४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, ५ म्हणजे पाण्याची धार सोसणारी. आयपी ४४ पेक्षा कमी काही बाहेर नको. जोड जमिनीवर टाकू नका, उंच बांधा, आणि जोडाआधी तारेला खाली झोल द्या, म्हणजे दव तिथून ठिबकेल, जोडात शिरणार नाही. ६ अँपिअरच्या सॉकेटवर जास्तीत जास्त १३८० वॅट. पाच वॅटच्या वीस एलईडी माळा मिळून फक्त १०० वॅट, पण एकच ५०० वॅटचा हॅलोजन शंभर माळांएवढा! एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवू नका, उष्णता बाहेर पडत नाही आणि आतलं इन्सुलेशन वितळतं. आणि काम सुरू करण्याआधी हॉस्टेलच्या वायरमनना बोलवा. त्यांना कॅम्पसची लाइन आपल्या सिलॅबसपेक्षा जास्त माहीत आहे.

रात्री अकराला टायमरने दिवे बंद करा. झाडांवरच्या पाखरांना झोप मिळेल, आणि ज्यांचा दुसऱ्या दिवशी पेपर आहे त्यांनाही. बंद म्हणजे प्लग काढलेला, आणि चावी ज्याच्याकडे असेल त्याचं नाव नोटीस बोर्डवर.

परंपरेनं ६ जानेवारी, म्हणजे तीन राजांचा सण झाला की सजावट उतरवतात. गोव्यात रेईश मागुश, चांदोर आणि कासावलीला तो मोठ्या थाटात होतो. आपणही त्याच दिवशी माळा नीट गुंडाळून, कामट्या पुढच्या बॅचसाठी बांधून ठेवू. नाचणीची हिरवळ कंपोस्टच्या खड्ड्यात. आणि चोवीसच्या रात्री केकचा पहिला तुकडा माळीकाका, वायरमन आणि वॉचमनकाकांना द्यायला विसरू नका हं!

सर्वांना नाताळच्या आणि परीक्षेच्याही शुभेच्छा!