कीबोर्ड दिसतो, पण टंकत नाही

बूट मेन्यूत बाणाच्या कळा चालायच्या आणि लिनक्स कर्नल चढला की तोच कीबोर्ड मुका व्हायचा. यूएसबीच्या सुरुवातीच्या वर्षांत ही तक्रार नेहमीची होती. कर्नल चढेपर्यंत बायोस यूएसबी कीबोर्डला जुन्या पीएस/२ कीबोर्डचं सोंग देत असे. कर्नलने यूएसबी कंट्रोलर ताब्यात घेतला की सोंग उतरे आणि सगळी भिस्त ड्रायव्हरवर येई.

यूएसबीचं पहिलं मानक १९९६चं. लिनक्समध्ये ते १९९९ साली २.२.७ आवृत्तीत आलं आणि जानेवारी २००१च्या २.४मध्ये रुळलं. तेव्हा दुरुस्ती म्हणजे मॉड्यूलांची जुळवाजुळव. व्होयतेख पाव्लिक यांनी रचलेल्या इनपुट व्यवस्थेत एचआयडी (ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस, म्हणजे कीबोर्ड-माउससारखी उपकरणं) मॉड्यूल उपकरण ओळखी, पण कळा कन्सोलपर्यंत पोचवायला कीबीडेव्ह हे वेगळं मॉड्यूल लागे. ते राहून गेलं, तर कर्नलच्या लॉगमध्ये कीबोर्ड दिसे आणि पडद्यावर अक्षर उमटत नसे. सोपं म्हणून कुणी यूएसबीकेबीडी हे साधं मॉड्यूल चढवी. त्याला फक्त बूट प्रोटोकॉल कळे: आठ बाइटांचा संदेश आणि त्यात शिफ्ट-कंट्रोल सोडून एका वेळी सहा कळा. आवाज कमी-जास्त करणाऱ्या कळा त्याच्या गावीही नसत.

डिसेंबर २००३च्या २.६मध्ये कीबीडेव्हचं काम कर्नलच्या मुख्य कीबोर्ड कोडमध्ये गेलं आणि दुखणं मॉड्यूलांवरून उपकरणांकडे सरकलं. प्रत्येक एचआयडी उपकरण रिपोर्ट डिस्क्रिप्टर देतं. कुठला बिट म्हणजे कुठली कळ, आकडा किती ते किती, हे त्यात लिहिलेलं असतं. ही कुंडली मांडतो उत्पादक, आणि बहुतेकदा तपासतो फक्त विंडोजवर. चेरीच्या सायमोशन कीबोर्डच्या डिस्क्रिप्टरमध्ये कमाल मर्यादाच चुकलेली होती. कर्नल तो वाचण्याआधी त्यातले चार बाइट बदलून घेतो. काही माउस तर, कर्नलने त्यांच्याकडे हालचालींची विचारणा केली नाही, की पोर्टवरून स्वतःच गळायचे आणि पुन्हा जोडले जायचे. त्यांना सतत विचारत राहण्याची सोय २०१४च्या सुमारास कर्नलमध्ये झाली.

२००७च्या २.६.२०मध्ये एचआयडीचा गाभा यूएसबीपासून वेगळा झाला, कारण ब्लूटूथ कीबोर्डही तीच भाषा बोलत होते. पुढच्या वर्षअखेरीस २.६.२८मध्ये एचआयडी बस आली आणि खोड्याळ उपकरणांना आपापले छोटे ड्रायव्हर मिळाले. निदानाची साधनंही सुधारली: यूएसबीमॉनमुळे ड्रायव्हर यूएसबी कंट्रोलरकडे पाठवत असलेल्या विनंत्या आणि त्यांची उत्तरं पाहता आली. पण औषध मिळायला वेळ लागे. उत्पादकाचा आणि उपकरणाचा क्रमांक देऊन बूटच्या वेळी अपवाद लावता येई, पण डिस्क्रिप्टरच चुकला असेल, तर पॅच, मग नवी आवृत्ती, मग ती आपल्या वितरणात येण्याची वाट.

ही वाट २०२३च्या ६.३ आवृत्तीने आखूड केली. बेंजामिन टिस्वार यांच्या एचआयडी-बीपीएफमुळे चालू कर्नलमध्ये छोटा प्रोग्रॅम चढवून डिस्क्रिप्टर जागच्या जागी बदलता येतो, कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही.

उत्पादक आजही चुका करतात. मात्र सदोष डिजिटल पेन किंवा कीबोर्ड ज्याच्या टेबलावर आहे, त्यालाच आता दुरुस्ती लिहून तिथल्या तिथे तपासता येते. कर्नलच्या विकासकांकडे ते उपकरण बहुधा नसतंच, म्हणून हा बदल मोठा.