वाढदिवस आणि उंचीची पट्टी

महाराष्ट्रीय घरांतील मुलाचा वाढदिवस वर्षांतून दोनदां येतो, याचें कोणासही आश्चर्य वाटत नाहीं. एक येतो तिथीनें, दुसरा तारखेनें. तिथीचा वाढदिवस आजीचा. त्या दिवशीं मुलास पाटावर बसवून औक्षण होतें, सुपारी व अंगठी ओवाळली जाते आणि घरांत गोडधोड शिजतें. तारखेचा वाढदिवस शाळेचा आणि मित्रमंडळींचा. त्यास केक लागतो. हे दोन वाढदिवस सुमारें एकोणीस वर्षांनीं पुन्हां एकमेकांस भेटतात, कारण १९ सौर वर्षें आणि २३५ चांद्रमास यांची लांबी जवळजवळ सारखी आहे. परंतु जें कुटुंब मुलाचा वाढदिवस साजरा करण्यासाठीं परदेशांतील एखाद्या थीम पार्कमध्यें जातें, त्यास वाढ मोजण्याची एक तिसरीच रीत भेटते. ती वर्षें मोजीत नाहीं, सेंटिमीटर मोजते.

नागपूरच्या धरमपेठेंतील एखादें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. मुलगी सहा वर्षांची व्हावयाची आहे. मामा कॅलिफोर्नियांत नोकरीस आहे, आणि मे महिन्यांत नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकूं लागला कीं आईवडील तिला घेऊन तिकडे निघतात. सुटींत मामाकडे जाण्याची चाल जुनीच. पूर्वीं मामाचें गांव वर्धा किंवा अमरावती असे, एवढाच फरक. तिथीचा वाढदिवस आजीनें निघण्यापूर्वींच उरकून घेतलेला असतो. तारखेचा वाढदिवस मात्र विमानानें लांबविलेला असतो. उन्हाळ्यांत लॉस एंजलिसचें घड्याळ नागपूरच्या घड्याळाच्या साडेबारा तास मागें असतें. नागपुरांत मध्यरात्रीं नवी तारीख लागते तेव्हां तिकडे आदल्या दिवशींचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. आजी पहाटे पांच वाजतां उठून फोन करते तेव्हां नात आदल्या दिवशींच्या दुपारच्या खाण्याला बसलेली असते. दोन्ही ठिकाणचा हिशेब धरला तर हा वाढदिवस चोवीस तासांचा न राहतां साडेछत्तीस तासांचा होतो. मुलीची त्याला हरकत नसते.

ती सारीं मंडळी जेथें जातात तें डिस्नेलँड लॉस एंजलिसजवळ ॲनाहाइम या गांवीं आहे, आणि त्या जिल्ह्याचें नांवच ऑरेंज काउंटी. १६० एकरांच्या ज्या जमिनीवर हें उद्यान उभें राहिलें, तेथें पूर्वीं संत्र्यांचीं व अक्रोडांचीं झाडें होतीं. १९५४ च्या जुलै महिन्यांत काम सुरू झालें आणि १७ जुलै १९५५ रोजीं उद्घाटन झालें. संत्र्याच्या बागेचें मोल जाणणाऱ्या नागपूरकरास हें ऐकून क्षणभर हळहळ वाटावी, हें साहजिक आहे. उद्घाटनाच्या दिवशीं ऊन असें होतें कीं नव्या डांबरांत स्त्रियांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळें पिण्याच्या पाण्याचे पुष्कळ नळ कोरडे होते. आणि खोट्या प्रवेशपत्रिकांवर हजारों माणसें आंत शिरलीं होतीं. पारा त्या दिवशीं अडतीस अंशांच्या आसपास होता. नागपुरांत तो एप्रिलमधील बरा दिवस गणला जाईल!

या उद्यानाची कल्पना कशी सुचली, हें वॉल्ट डिस्ने यांनीं स्वतः सांगून ठेविलें आहे. सुटीच्या दिवशीं ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिसमधील ग्रिफिथ पार्कांत नेत. मुली फिरत्या घोड्यांच्या चक्रावर बसत, आणि बाप बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत बसे. मुलें खेळतात आणि वडील माणसें कंटाळतात, असें न होतां दोघांनाही एकत्र रमतां येईल अशी जागा असावी, असा विचार त्या बाकावर त्यांच्या मनांत आला. नमुने पाहण्यासाठीं त्यांनीं बरीच भ्रमंती केली. १९५१ मध्यें त्यांनीं कोपेनहेगनची टिव्होली बाग पाहिली. ती १५ ऑगस्ट १८४३ पासून चालत आलेली, स्वच्छ, फुलांनीं भरलेली आणि रात्रीं दिव्यांनीं उजळणारी. तेथें १९१४ सालची एक लांकडी रोलर कोस्टर अद्याप धांवते, आणि तिच्या प्रत्येक गाडीवर ब्रेक धरणारा एक माणूस अजूनही बसतो.

जत्रेंतही पाळणे असतात, प्रदर्शनांतही असतात. मग थीम पार्क निराळें कशानें? भोंवतालच्या भिंतीनें, असें उत्तर देतां येईल. डिस्नेलँडच्या सभोंवार मातीचा उंच बांध घातलेला आहे आणि त्यावरून एक आगगाडी फिरते. त्या बांधामुळें आंतल्या माणसास बाहेरचे रस्ते, मोटारी, विजेचे खांब यांपैकीं फारसें कांहीं दिसत नाहीं. आंतील प्रत्येक विभागाची एक कथा ठरलेली असते, आणि इमारती, झाडें, संगीत, सेवकांचे पोशाख हीं सर्व त्या कथेस धरून असतात. मधला राजवाडा अवघा ७७ फूट उंच आहे. परंतु वर वर जावें तसतसे त्याचे दगड व खिडक्या लहान लहान केल्यामुळें तो खालून पाहणारास पुष्कळ उंच वाटतो. रांगांचीही अशीच योजना असते. रांग सरळ न नेतां मागेंपुढें घड्या घालून नेलेली असते, म्हणजे ती किती लांब आहे हें नजरेस येत नाहीं, आणि पाय सारखे पुढें पडत असल्यामुळें मनास धीर राहतो. ही युक्ति आहे, आणि ती उपयोगी आहे. पण गर्दीच्या दिवशीं वाढदिवसाचा मोठा भाग त्या घड्यांतच जातो, हेंही खरें.

आतां प्रत्यक्ष गाडीकडे वळावें. रोलर कोस्टरचे पूर्वज म्हणजे रशियांतील बर्फाच्या घसरगुंड्या. फ्रेंच भाषेंत या गाडीस आजही ‘रशियन डोंगर’ अशाच अर्थाचें नांव आहे. अमेरिकेंत लामार्कस थॉम्प्सन यांनीं १८८४ मध्यें कोनी आयलंड येथें पांच सेंट घेऊन ताशीं सहा मैलांच्या वेगानें लोकांना उतारावरून सोडलें, तेव्हां तेवढ्यानेंही लोक हरखून गेले. आजच्या गाडीचें मर्म बदललेलें नाहीं. जुन्या धाटणीच्या गाडीस स्वतःचें इंजिन नसतें. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते; पुढील सारा प्रवास त्या चढावर सांठविलेल्या उंचीच्या जोरावर होतो. तीस मीटरांचा उतार असेल तर घर्षण वजा न करतां तळाशीं वेग ताशीं सुमारें ८७ किलोमीटर भरतो. घर्षणानें कांहीं भाग सतत गमावला जातो. म्हणून पुढची टेकडी पहिलीहून ठेंगणी ठेवावी लागते.

गाडी टेकडीच्या माथ्यावरून झपाट्यानें जाते तेव्हां ती खालीं वळूं लागते आणि आंत बसलेल्याचें शरीर मात्र सरळच जाऊं पाहतें. पोटांत गोळा येतो तो याच क्षणीं. आसन खालीं निसटत असतें. गाडीनें स्वतः रुळावरून उचललें जाऊं नये म्हणून जॉन मिलर यांनीं १९१९ मध्यें रुळाखालीं धांवणाऱ्या चाकाची युक्ति काढली. तेव्हांपासून गाडीचीं चाकें रुळास वरून, बाजूनें आणि खालून अशीं तिन्हींकडून धरून ठेवतात. एका गाडीनें दुसरीवर आदळूं नये याची व्यवस्था तर नागपूरकरास समजावून सांगण्याचीही गरज नाहीं. १८६७ मध्यें ज्या गांवीं रेल्वे पोंचली आणि चहूंकडचे लोहमार्ग जेथें येऊन मिळाले, तेथील शाळकरी मुलासही ‘ब्लॉक’ हा शब्द ठाऊक असतो. मार्गाचे तुकडे पाडावयाचे, आणि एका तुकड्यांत एका वेळीं एकच गाडी सोडावयाची. पुढचा तुकडा मोकळा झाल्याखेरीज मागची गाडी आपोआप रोखली जाते.

म्हणजे गाडीस रुळाशीं बांधून ठेवण्याचा प्रश्न सुटलेला आहे. राहतो तो माणसास गाडीशीं बांधून ठेवण्याचा प्रश्न, आणि येथेंच ती सहा वर्षांची मुलगी उंचीच्या पट्टीपुढें उभी राहते.

सकाळीं दारांतून आंत शिरतांच तिच्या फ्रॉकवर वाढदिवसाचा एक बिल्ला लागलेला असतो. तो फुकट मिळतो, आणि त्यावर तिचें नांव लिहिलेलें असतें. तो पाहून दिवसभर अनोळखी सेवक तिला नांवानें हांक मारून शुभेच्छा देतात. सहा वर्षांच्या मुलींची जगभरची सरासरी उंची ११५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. ही मुलगी तेवढीच आहे असें धरावें. स्पेस माउंटन या अंधारांतून धांवणाऱ्या गाडीस ४० इंच, म्हणजे १०२ सेंटिमीटर उंची लागते. मॅटरहॉर्न या बर्फाच्या डोंगरावरील गाडीस ४२ इंच, म्हणजे १०७. या दोन्ही ठिकाणीं ती ताठ मानेनें आंत जाते. इंडियाना जोन्सच्या गाडीस मात्र ४६ इंच, म्हणजे ११७ सेंटिमीटर पाहिजेत. तेथें ज्यानें तिला हंसून शुभेच्छा दिल्या तोच सेवक पट्टी तिच्या शेजारीं धरतो आणि मान हलवितो. दोन सेंटिमीटर कमी पडलेले असतात.

आईवडिलांच्या मनांत या वेळीं जो युक्तिवाद येतो तो सर्वत्र सारखाच. मुलगी धीट आहे, आजच तिला सहा पूर्ण झालीं, आणि बाप शेजारीं बसून तिला घट्ट धरील. मग काय बिघडतें? हा युक्तिवाद प्रेमाचा आहे, पण तो चुकीचा आहे. कित्येक गाड्यांत दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच दांडा उतरतो. तो मोठ्या माणसाच्या मांडीस टेकला कीं थांबतो, आणि शेजारच्या लहान शरीरावर पोकळी तशीच राहते. बाप जितका धिप्पाड, तितकी मुलीपुढील पोकळी अधिक! हातानें धरण्याचा भरंवसाही पोकळ आहे, कारण ज्या क्षणीं मुलीचें शरीर उसळतें त्याच क्षणीं बापाचेंही उसळत असतें. शिवाय पाय तळाशीं टेकले नाहींत तर धक्का सोसण्यास आधार नसतो. वयाचा दाखला या कशाचेंही उत्तर देत नाहीं. पट्टी मात्र एका नजरेंत देते. अट ठरते ती केवळ वेगावरूनही नव्हे. स्पेस माउंटनचा वेग ताशीं सुमारें पन्नास किलोमीटर असून अंधारामुळें तो दुप्पट भासतो. इंडियाना जोन्सची गाडी त्याच्या निम्म्यानेंही धांवत नाहीं, परंतु तिचें आसन जीपगाडीप्रमाणें चहूंबाजूंनीं हिसके देतें, आणि अट तिचीच कडक आहे.

येथें एक शारीरिक गंमत सांगण्याजोगी आहे. माणूस सकाळीं संध्याकाळपेक्षां किंचित् उंच असतो. पाठीच्या मणक्यांमधील गाद्या रात्रभर विश्रांतीनें फुगतात आणि दिवसभराच्या उभें राहण्यानें दबतात. हा फरक एक सेंटिमीटरपर्यंत जातो. जें मूल अगदीं काठावर आहे, त्यानें त्या गाडीकडे सकाळींच जावें, दिवसभर चालून दमल्यावर नव्हे. बुटांत कागदाच्या घड्या घालून उंची वाढविण्याचे प्रकारही घडतात; त्यांत पट्टी फसली तरी दांडा फसत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. त्यापेक्षां प्रवासास निघण्यापूर्वींच नागपूरच्या घरीं दाराच्या चौकटीशीं मुलीस उभें करून पेन्सिलीची खूण करावी, आणि कोणत्या गाड्या या वर्षीं मिळतील व कोणत्या मिळणार नाहींत हें तेथेंच सांगून टाकावें. घरीं कळलेली गोष्ट मूल पचवितें. तासभर रांगेंत उभें राहून, परक्या मुलांच्या देखत आणि वाढदिवसाचा बिल्ला लावून कळलेली गोष्ट त्यास फार लागते. या वयांत मुलें वर्षाला पांच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दोन सेंटिमीटर हा चार-पांच महिन्यांचाच प्रश्न असतो. पण विमानाचें तिकीट तितकें थांबत नाहीं. आईवडिलांसाठीं मात्र एक सोय असते. एकानें मुलीपाशीं थांबावें, दुसऱ्यानें गाडींत बसून यावें, आणि मग पुन्हां रांग न लावतां अदलाबदल करावी. सेवकास आधीं सांगितलें म्हणजे तो तशी व्यवस्था करतो.

विदर्भांतील मुलांस या पट्टीचें नवल वाटावें यास आणखी एक कारण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत तान्हा पोळा भरतो. मुलें सजविलेले लांकडी बैल घेऊन निघतात, घरोघरीं जातात आणि बोजारा मिळवितात. तेथें बैल मुलाच्या मापाचा असतो; रांगणाऱ्या पोराच्या हातीं वीतभर बैल, आणि थोराड मुलापाशीं चाकांवर ओढावयाचा भला मोठा. उंची कमी म्हणून कोणास परत पाठविण्याचा प्रसंगच येत नाहीं. थीम पार्कांतील गाडी एकच, आणि ती सर्व जगाच्या मुलांसाठीं एकाच मापाची.

डिस्नेलँडमध्येंही लांकडी जनावरांचा एक खेळ आहे, आणि त्यास उंचीची अट नाहीं. राजवाड्यामागें १९२२ सालीं बनलेलें फिरत्या घोड्यांचें चक्र आहे. त्यांतील पुष्कळ घोडे हातानें कोरलेले लांकडी आहेत, आणि वॉल्ट डिस्ने यांच्या आग्रहावरून सगळेच उड्या घेणारे आहेत. उभा असा एकही नाहीं. ग्रिफिथ पार्कांतील बाकही आतां याच उद्यानांत आणून ठेविलेला आहे, मुख्य रस्त्यावरील नाट्यगृहांत तो पाहावयास मिळतो. या चक्रापाशीं मात्र बापास बाकावर बसून वाट पाहण्याचें कारण पडत नाहीं; मूल लहान असल्यास घोड्याच्या शेजारीं त्यास हात धरून उभें राहतां येतें.