भाकरी तीच, ताट निराळे

सिंहगड चढून गेलेल्या माणसाला पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही कोठे मिळते, हे सांगावे लागत नाही. थंडीत हुरड्यासाठी शहरातली मंडळी मुद्दाम शेतावर जातात. यालाच आता खाद्यपर्यटन म्हणतात. नाव नवे आहे. पण त्यामागे आपल्या समाजातील एक मोठी उलथापालथ आहे. तिचा आपण थोडा विचार करू.

ज्वारी, बाजरी, नाचणी ही भरडधान्ये. त्यांचा हा भरडपणा खाणाऱ्याच्या प्रतिष्ठेलाही चिकटला होता. सणावारी गव्हाची पोळी, एरवी भाकरी. पाहुण्यापुढे भाकरी वाढताना पुष्कळ घरांत संकोच वाटे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना ती विपत्तीची खूण म्हणूनच आठवते. पुढे काळ पालटला. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि मधुमेहाच्या धास्तीने भाकरी सुखवस्तू घरांत मानाने परतली.

मग भाकरी आरोग्यदायी आहे काय? शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. गहू-तांदूळ तिच्या जवळपासही येत नाहीत. पण दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. त्यात कातडी काळवंडून फुटते, अतिसार होतो, बुद्धिभ्रंशही होतो. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा रोग मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत आढळला. ज्वारीतील ल्यूसिन या घटकाशी त्याचा संबंध असावा, असे मत त्यांनी १९६० मध्ये मांडले.

गडावरच्या ताटात भाकरीच्या जोडीला डाळीच्या पिठाचे पिठले असते, दही असते, कांदा असतो. मजुराच्या फडक्यात मात्र पुष्कळदा भाकरी आणि मिरचीच असे. भाकरी तीच, एकाला तिने बळ दिले, दुसऱ्याला ती एकटी पुरली नाही. आपण गावरान म्हणून वाखाणतो ते ताट बहुधा सुस्थितीतल्या घरचे असते. ते साऱ्या गावाचे रोजचे जेवण समजणे ही आपली फसगत होय.

आणखी एक विसंगती पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यांना जागा आहे, तरी रेशनच्या दुकानात प्रामुख्याने गहू-तांदूळच मिळत आले. म्हणजे गाव शिधापत्रिकेवर गहू आणते आणि शहर मोटारीने गावी जाऊन भाकरी खाते!

म्हणून खाद्ययात्रा सोडाव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्यांतून चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हाती चार पैसे पडतात, हे चांगलेच आहे. पण तिथे भाकरीच्या दरासाठी घासाघीस करू नये. आणि भाकरीचे गुण गाताना तिच्या शेजारी डाळ-दही प्रत्येकाच्या ताटात कसे येईल, याचाही आपण आग्रह धरावा.