ज्येष्ठांची अरण्ययात्रा

वय वाढते तसे माणसाच्या प्रवासाचे निर्णय हळूहळू इतरांच्या हाती जातात. ‘आता तुम्हाला झेपायचे नाही’ हे वाक्य काळजीपोटीच उच्चारले जाते. परंतु ते वारंवार कानी पडले, की ज्येष्ठांचे जग घर, दवाखाना आणि देऊळ एवढ्यापुरते आकसते. व्याघ्रप्रकल्पाची भेट तर बेतातून सर्वांत आधी वगळली जाते. वस्तुतः वनसफर बसून करावयाची असते. तेथे चढण नाही, दर्शनाची रांग नाही. प्रकृती स्थिर असेल आणि पूर्वतयारी नेटकी असेल, तर सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना हा आनंद घेता येतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचेच उदाहरण घेऊ. १९५५ मध्ये स्थापन झालेले हे राष्ट्रीय उद्यान राज्यातील सर्वांत जुने. १९८६ मध्ये घोषित झालेले अंधारी अभयारण्य १९९५ मध्ये त्याला जोडले गेले आणि सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्रप्रकल्प आकारास आला. वाघाशी झुंजताना प्राण वेचलेला गोंड वीर तारू याच्यावरून ‘ताडोबा’ हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. त्याचे स्थान तलावाकाठी आजही आहे. साग, बांबू, ऐन, मोह आणि तेंदू यांचे हे वन. त्यातील तलावात मगरींचा वास.

पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते आणि एरवी मंगळवारी सुट्टी असते. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून पर्यटक तेव्हाच गर्दी करतात. परंतु चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उतारवयात तहानेची जाणीव मंदावलेली असते; शरीर कोरडे पडले तरी ते लवकर उमगत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत वारा अंगाला झोंबतो. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांना तो बाधू शकतो. म्हणून ज्येष्ठांसाठी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी निवडावा.

दुसरा प्रश्न शरीराचा. सकाळची फेरी साधारण चार तासांची असते. ठरावीक थांब्याखेरीज वाहनातून उतरता येत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या दिवशी त्यांची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. गोळी परस्पर टाळू नये. लघवीच्या धास्तीने पाणी तोडणे त्याहून घातक. मधुमेहींनी पहाटेच्या इन्सुलिनचा आणि न्याहारीचा मेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा व खिशात साखर ठेवावी. मागच्या चाकांवरील आसनाला धक्के अधिक बसतात. वडीलधाऱ्यांना मधल्या रांगेत बसवून पाठीशी उशी द्यावी. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि मणक्याचे हाड मोडलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय जाऊ नये.

गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही. म्हणून औषधांची नावे, मात्रा, ॲलर्जी आणि नातलगांचे क्रमांक कागदावर लिहून सोबत ठेवावेत. मुक्कामासाठी मोहर्लीची बाजू सोयीची, कारण तेथून चंद्रपूर शहरातील रुग्णालये तुलनेने जवळ पडतात. शिवाय इरई धरणाचा जलाशय लगतच आहे. दुपारची दुसरी फेरी सोडून काठावर खुर्ची टाकून बसले, तरी पाणपक्ष्यांचे दर्शन घडते.

आता डोळ्यांविषयी आणि कानांविषयी. वार्धक्यात प्रथम उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात. लहान पाखरांची किलबिल त्यामुळे निसटते. मात्र भारद्वाजाचा घुमणारा हुंकार, मोराची केका किंवा वाघाची चाहूल लागताच सांबराने दिलेला खणखणीत इशारा अनेकदा स्पष्ट कानी पडतो. श्रवणयंत्रात वाऱ्याचा घोंघाट शिरतो. वाहन थांबल्यावर ते पुन्हा लावावे. हात थरथरत असतील, तर दहापटीच्या जड दुर्बिणीपेक्षा आठपटीची हलकी दुर्बीण बरी, कारण तिच्यातील दृश्य कमी हलते. सर्पगरुड उघड्या फांदीवर बराच वेळ स्थिर बसतो, तर कमळपक्षी पानांवरून संथ पावले टाकतो. मंदावलेल्या दृष्टीलाही हे पक्षी न्याहाळता येतात.

वाघ दिसेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. ‘एवढा खर्च करून आलो आणि वाघ नाही’ ही तरुणांची चिडचिड ज्येष्ठांना आपल्यावरचे ओझे वाटू लागते. आपल्यामुळे फेऱ्या कमी झाल्या, ही खंत ते मनात ठेवतात. म्हणून सफरीचा वेग त्यांच्या दमाने ठरवावा. चालकाला आणि गाइडला आधीच सांगावे, की वाघाच्या मागे गाडी पळवावयाची नाही. एखाद्या पाणवठ्यावर अर्धा तास नुसते थांबले तरी चालेल.

आणि आरक्षण करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी: त्यांनाच विचारावे. यावे की नाही, पहाटे उठणे जमेल का, एक फेरी पुरे की दोन, हे त्यांनी सांगावे. डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर त्यांचा शब्द अखेरचा मानावा. काळजी घेणाऱ्याने उशी, पाणी आणि औषधे सांभाळावीत; इच्छा मात्र ज्याची त्याच्याकडेच राहू द्यावी.