जपानी नूडल्स : कुठे काय?

सोबा कुट्टूच्या पिठाचा. उदोन गव्हाचा, जाड. रामेनही गव्हाचेच, पण पीठ क्षारयुक्त पाण्यात मळलेले, मूळ चिनी.

• सानुकी उदोन : कागावा, शिकोकू बेट. घट्ट, चिवट.

• किशिमेन : नागोया. चपटे, फितीसारखे.

• रामेन : साप्पोरोत मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट). हाकातात (फुकुओका) डुकराच्या हाडांचा पांढुरका रस्सा. उरलेल्या रश्शात पुन्हा नुसते नूडल्स मागवायचे, ते ‘काएदामा’.

• वान्को सोबा : इवाते. वाटीत घासभर सोबा. वाटी रिकामी झाली की वाढपी लगेच भरणार. पुरे म्हणून भागत नाही, वाटीवर झाकण ठेवावे लागते.

• ओकिनावा सोबा : नावात सोबा, पण कुट्टू नाही, सगळा गहू. म्हणूनच नावावर सरकारी हरकत आली. १७ ऑक्टोबर १९७८ रोजी मान्यता. आता तोच ‘ओकिनावा सोबा दिन’.